रानातले तीन प्रश्न

ख्रिस्ती श्रद्धा आणि रोजच्या जगण्यातले मोह, असा आजचा विषय आहे. तो ऐकून कोणाला वाटेल की आता मोठे तत्त्वज्ञान ऐकावे लागणार. तसे काही नाही. मी सुरुवात करतो ती शाळेच्या कोठीतल्या तांदळाच्या पोत्यापासून.

समजा, एक लहान गाव आहे. तिथे चौथीपर्यंतची शाळा आहे. पटावर मुले ४२. पण दिवस ऊसतोडीचे, काही आईबाप मुलांना घेऊन कारखान्याकडे गेलेले, त्यामुळे आज हजर मुले ३१. दुपारी पोषण आहाराची खिचडी शिजली ती ३१ मुलांपुरती. आता गुरुजींना आकडा नोंदवायचा आहे. वहीत म्हणा की मोबाइलवर म्हणा. गुरुजी भले गृहस्थ आहेत. रविवारी उपासनेला न चुकता जातात, मुलांना मारीत नाहीत, कोणाचा पैसा खात नाहीत. तरी त्यांचा हात क्षणभर थबकतो. मनात कोणीतरी म्हणते, "४२ लिही. तांदूळ तुला घरी थोडाच न्यायचा आहे? मागच्या महिन्यात गाडी उशिरा आली आणि दोन दिवस चूल पेटली नाही. चार किलो शिल्लक असले तर पोरांचेच पोट भरेल."

पाहा, कारण किती चांगले आहे! यात चोरी दिसत नाही, लोभ दिसत नाही, दिसते ती मुलांची काळजी. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ असतो. अकरा मुलांचा झाला १ किलो १०० ग्रॅम. शाळेच्या वीस दिवसांत २२ किलो. आता कोठीत असा २२ किलो तांदूळ आहे की जो कागदावर नाही. ज्याला हिशेब नाही त्याला मालक नाही, आणि ज्याला मालक नाही त्याला वाटा फुटायला वेळ लागत नाही. एखाद्या सणाला त्यातला थोडा कोणाच्या तरी घरी "मदत" म्हणून जातो. मग ती मदत दर महिन्याची होते. सहा महिन्यांनी गुरुजी आरशात पाहतात तेव्हा त्यांना कळत नाही की आपण नेमके कोणत्या दिवशी घसरलो. कारण घसरण्याचा असा दिवस नव्हताच. एका भल्या विचाराने पेन उचलले होते, इतकेच.

मोहाविषयी मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच. मोह हा बहुधा पापाच्या वेषात येत नाही. तो चांगल्या कारणाच्या वेषात येतो. आणि श्रद्धावान माणसाकडे तर तो श्रद्धेचे कपडे घालूनच येतो.

येशूने आपल्या शिष्यांना जी प्रार्थना शिकविली ती जगातले ख्रिस्ती लोक आजही रोज म्हणतात. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातली मंडळी म्हणते, वसईचे शेतकरी म्हणतात, गोव्यात म्हणतात. त्या प्रार्थनेत आपल्यासाठी करायची मागणी थोडकी आहे. आधी आजच्या दिवसाची भाकर मागायची. मग अपराधांची माफी मागायची, आणि आपणही दुसऱ्याला माफ केले आहे असे म्हणायचे. आणि लगेच मागायचे की मोहात पडण्यापासून आम्हाला वाचव. भाकर, माफी आणि मोह ही तिन्ही एका दावणीला बांधलेली आहेत. म्हणजे मोह ही साधुसंतांनी डोंगरावर बसून विचार करायची गोष्ट नव्हे. भाकर जशी रोज लागते, तसा मोहही रोज येतो, आणि बहुतेक वेळा त्या भाकरीच्याच वाटेने येतो.

आपल्याकडे षड्रिपू सांगितले आहेत: काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. ख्रिस्ती परंपरेत सात मूळ पापे सांगतात. गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध आणि आळस. रोमचे पोप पहिले ग्रेगरी यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस अशी सातांची यादी मांडली, आणि पुढे तीच थोड्या फेरफाराने रूढ झाली. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या तर निम्म्याहून अधिक शत्रू एकच निघतात. माणसाचे मन सगळीकडे सारखेच. म्हणून आजचे बोलणे ख्रिस्ती श्रद्धेच्या आधाराने असले, तरी ऐकणाऱ्या कोणालाही ते परके वाटू नये.

आता ती मूळ कथा. मत्तय आणि लूक या दोघांच्या शुभवर्तमानांत ती सविस्तर आली आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले आणि ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत आणले. तेव्हापासून ख्रिस्ताच्या कथा आपल्या भाषेत रुळल्या आहेत. येशूचा यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर तो यहूदियाच्या रानात गेला. रान म्हटले की आपल्याला गर्द झाडी आठवते. हे रान तसे नव्हे. यरुशलेमच्या पूर्वेला मृत समुद्राकडे उतरत जाणारा तो चुनखडीचा उघडाबोडका मुलूख आहे. पाऊस अगदी थोडा, झाड विरळा, दगड मात्र अमाप. तिथे येशूने चाळीस दिवस उपवास केला. शेवटी भूक लागली, आणि तेव्हा सैतान आला.

इथे शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोह आला तो बाप्तिस्म्याच्या आधी नव्हे, नंतर. श्रद्धा धरली की मोह संपतात अशी आपली समजूत असते. कथा उलट सांगते. नांगरलेल्या रानातच तण जोमाने उगवते. तेव्हा मनात मोह आला म्हणून, "माझी श्रद्धा खोटी आहे" असे म्हणून कोणी खचून जाऊ नये. मोह येणे हे पाप नाही. त्याला पाट देऊन बसविणे, हा पुढचा प्रश्न आहे.

सैतानाने तीन प्रश्न टाकले. पहिला भाकरीचा. तू देवाचा पुत्र आहेस ना, मग या दगडांच्या भाकरी कर. यात वाईट काय आहे? भुकेल्याने खाऊ नये काय? येशूने पुढे हजारोंना जेवू घातले, आणि प्रार्थनेत भाकर मागायला त्यानेच शिकविले. म्हणजे भाकरीचे वावडे नव्हते. मागणी होती ती अशी की पोट आधी आणि देवाचे बोलणे मागून. पोटासाठी जे हाती आहे ते कसेही वापर. येशूने जुन्या शास्त्राचा आधार घेऊन सांगितले की जगायला भाकर लागते खरी, पण भाकर एवढेच जगणे नव्हे.

आपल्याला दगडांच्या भाकरी करता येत नाहीत. पण नसलेल्या मुलांच्या खिचड्या करता येतात. दुधाच्या कॅनमध्ये विहिरीचे पाणी घालून त्याचे दूध करता येते. कांद्याच्या पिशवीत वर चांगला माल आणि खाली खराब, हेही एक प्रकारे दगडाची भाकर करणेच आहे. आणि प्रत्येक वेळी कारण तयार असते. पोरीची फी भरायची आहे, सोसायटीचे कर्ज आहे, सगळेच करतात. ही कारणे खोटी नसतात, हीच अडचण आहे. फी खरोखरच भरायची असते. म्हणून मोहाशी वाद घालत बसले की माणूस हरतो. त्याची बाजू नेहमीच थोडी खरी असते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण इथे आठवते. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केले. मिशनच्या नोकरीत दोन घासांची निश्चिती होती. पण श्रद्धा आणि पगार यांची गाठ पडली की श्रद्धेचा आवाज दबतो, ही टोचणी त्यांच्या मनाला होती. १९१७ साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. ख्रिस्ताला मानणाऱ्या कोणालाही, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, त्यात जागा होती. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते, आणि १९१९ साली ते वारले. सगळ्यांनी नोकऱ्या सोडाव्यात असे मी सुचवीत नाही. पगार घेणे हा दोष नव्हे. पण आपण जे बोलतो त्याला आपल्या पगाराने कुठे कुलूप लावले आहे काय, एवढे वर्षातून एकदा तरी तपासून पाहावे.

दुसरा प्रश्न देखाव्याचा. सैतानाने येशूला मंदिराच्या उंच टोकावर नेले आणि म्हटले, खाली उडी टाक. देवाचे दूत तुला झेलतील असे शास्त्रात लिहिलेच आहे. पाहा, इथे सैतानानेच शास्त्राचा आधार दिला, तोही स्तोत्रसंहितेतला! तेव्हा ज्याच्या तोंडी वचने आहेत तो धार्मिक असेलच असे नाही, आणि आपल्या मनात एखादे वचन आले म्हणून ते देवाकडूनच आले असेही नाही. येशूने उत्तर दिले की देवाची परीक्षा पाहू नये.

हा मोह आज खेड्यापाड्यांत ज्या रूपाने येतो, त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. घरात कोणाला क्षयरोग झाला आहे. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. साध्या क्षयाचे औषध सहसा सहा महिने घ्यावे लागते. पण दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, अंगावर थोडे मांस चढते. त्याच सुमारास कोणी प्रार्थनासभेला नेतो. लोक म्हणतात, तू बरा झालास, आता उभा राहून साक्ष दे. आणि मग कोणीतरी हळूच म्हणतो, "देवाने बरे केले आहे ना? मग गोळ्या कशाला? गोळी घेणे म्हणजे अविश्वास." रोगी गोळ्या बंद करतो. अंगात उरलेले जंतू मेलेले नसतात. ते पुन्हा वाढतात, आणि या वेळी जुन्या औषधाला दाद न देणारे होऊन वाढू शकतात. मग उपचार अधिक अवघड होतो, आणि दरम्यान तो खोकला घरातल्या लेकरांपर्यंत पोचलेला असतो.

श्रोतेहो, ही श्रद्धा नव्हे. मंदिराच्या टोकावरून मारलेली ही उडी आहे. ख्रिस्ती माणूस रोग्यासाठी प्रार्थना करतो, जरूर करावी. पण शुभवर्तमान लिहिणारा लूक हा वैद्य होता असे परंपरा सांगते, आणि पौलाच्या पत्रात लूकचा उल्लेख वैद्य म्हणूनच आला आहे. त्याने आपली विद्या टाकून दिल्याचे कोठेही लिहिलेले नाही. मिरजेला डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उघडले. ते मिशनरी होते आणि शस्त्रवैद्यही होते. देवावर भरवसा ठेवण्यासाठी त्यांना हातातली सुरी खाली ठेवावी लागली नाही. तेव्हा घरात आजारी माणूस असेल तर प्रार्थना करा, आणि गोळी वेळेवर द्या. डॉक्टरांनी बंद करा म्हटल्याखेरीज औषध बंद करू नका. साक्ष द्यायचीच असेल तर ती सहा महिने पुरे झाल्यावर द्या. देवाला घाई नाही. घाई असते ती पाहणाऱ्यांना.

देखाव्याचा मोह आजारपणातच असतो असे नाही. देणगीची पाटी लावताना तो असतो. लांबलचक प्रार्थना करताना असतो. मोठ्या आवाजात भजन म्हणताना शेजारच्या बाकाकडे आपली नजर जाते, तिथे तो असतो. येशूने दान गुपचूप करावे आणि प्रार्थना खोलीचे दार लावून करावी असे शिकविले, ते यासाठीच. सार्वजनिक उपासना वाईट म्हणून नव्हे. मनाला कळावे की आपण कोणासाठी हे करतो आहोत.

तिसरा प्रश्न सत्तेचा. सैतानाने जगातली सगळी राज्ये दाखविली आणि म्हटले, एकदा मला नमन कर, हे सगळे तुझे. इथेही विचार करा. येशूच्या हाती राज्य आले असते तर वाईट झाले असते काय? गरिबाला न्याय मिळाला असता, रोमन शिपायांचा जुलूम थांबला असता. म्हणजे हेतू पुन्हा चांगलाच. फक्त एकदा, क्षणभर, चुकीच्या ठिकाणी वाकायचे. येशू वाकला नाही. आणि आयुष्याच्या शेवटच्या रात्री तो वाकला तो शिष्यांचे पाय धुवायला. सत्तेविषयी त्याचे उत्तर तेच समजायचे.

सत्ता म्हटले की आपण मंत्री, आमदार, सरपंच यांच्याकडे बोट दाखवितो. पण प्रत्येकाच्या हाताखाली कोणीतरी असते. गुरुजींच्या हाताखाली मुले असतात, सासूच्या हाताखाली सून, पाळकाच्या हाताखाली मंडळी, मालकाच्या हाताखाली गडी. चांगल्या हेतूने त्यांना दाबणे हा धार्मिक माणसाचा फार मोठा मोह आहे. "मी त्याच्या भल्यासाठीच बोलतो" हे वाक्य तोंडी आले की थोडे थांबावे.

पंडिता रमाबाईंचे कार्य सर्वांना ठाऊक आहे. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढले, आणि पुढे ते पुण्याला आणले. १८९३ साली त्यावरून मोठा वाद झाला. सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात, असा आक्षेप आला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. रमाबाईंचे म्हणणे होते की माझ्या प्रार्थनेचे दार उघडे आहे, येणे-न येणे मुलींच्या खुशीचे आहे. सल्लागारांचे म्हणणे होते की जिला जगात दुसरा आसरा नाही, तिची खुशी कितपत खुशी म्हणायची? त्या वादाचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून केडगावला वाचविल्या, ही गोष्ट कोणी नाकारीत नाही. पण तो जुना प्रश्न आजही प्रत्येक ख्रिस्ती संस्थेने, आणि खरे म्हणजे प्रत्येक धर्माच्या संस्थेने, स्वतःला विचारावा असा आहे. आपल्या हातातल्या भाकरीचे वजन समोरच्याच्या श्रद्धेवर पडते आहे काय?

याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची हकीकत ठेवावी. पतीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या दूर राहिल्या. सोवळ्याओवळ्याचा संस्कार त्यांच्या अंगी मुरलेला होता. पुढे त्या पतीजवळ राहायला आल्या, तरी टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. जातिभेदाचा विचार लक्ष्मीबाईंनी आपला आपण केला. माणसांतला हा उच्चनीचपणा देवाने केलेला नाही हे त्यांच्या मनाने घेतले, आणि मग त्यांनी तो सोडला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात त्यांनी हे सगळे हसत हसत सांगितले आहे, आणि स्वतःच्या चुका कोठेही झाकलेल्या नाहीत. ज्या घरात एकाने वाट पाहिली आणि दुसऱ्याने विचार केला, त्या घरातली श्रद्धा टिकली.

हे सांगताना आम्हा ख्रिस्ती लोकांना एक कडू गोष्ट कबूल केली पाहिजे. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात वाहून गेली असे आम्ही म्हणतो, पण सोयरीक जमविताना "मूळचे कोण?" हा प्रश्न पुष्कळ घरांत अजून विचारला जातो. हाही राज्याचाच मोह आहे. आपल्यापेक्षा खाली कोणीतरी असावे, एवढेच ते राज्य!

हे झाले तीन प्रश्न. लूक शेवटी सुचवितो की सैतान येशूला सोडून गेला तो कायमचा नव्हे, पुढच्या संधीपर्यंत. आणि जिंकणाऱ्या माणसाकडे तो चौथ्या वाटेने येतो. येशूने एक दृष्टान्त सांगितला आहे. दोघे जण मंदिरात प्रार्थनेला गेले. एक परूशी, म्हणजे नेमधर्म पाळणारा. दुसरा जकातदार, बदनाम माणूस. परूशी देवाचे आभार मानतो की मी इतरांसारखा नाही. जकातदार मान वर न करता दयेची याचना करतो. आणि घरी जाताना देवाजवळ नीट झालेला असतो तो जकातदार. ज्या गुरुजींनी ३१ लिहिले, त्यांनी संध्याकाळी पारावर बसून "शेजारच्या गावचा मास्तर बघा कसे ४२ लिहितो" असे म्हटले, की सकाळचा विजय संध्याकाळी हातचा गेला.

मग करावे काय? तीन-चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली, उत्तर थोडक्यात द्यावे. येशूने रानात दिलेली तिन्ही उत्तरे 'अनुवाद' या एकाच जुन्या ग्रंथातली आहेत, आणि तिन्ही एकेका वाक्याची आहेत. त्याने वाद घातला नाही. आपणही एखादे वाक्य आधीच मनाशी पक्के करून ठेवावे. "जितकी मुले तितका आकडा." "दुधात दूधच." मोहाच्या क्षणी नवा विचार सुचत नाही. जे पाठ असते तेच तोंडी येते. म्हणून पाठांतराला महत्त्व आहे, हे शिक्षकांना मी काय सांगावे?

दुसरी, दुपार सांभाळावी. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा एक साधू राहत होता. ३९९ साली तो वारला. मनात येणाऱ्या आठ दुष्ट विचारांचे त्याने बारकाईने वर्णन केले आहे. त्यांत सर्वांत जड कोणता, तर दुपारचा कंटाळा. त्याला तो दुपारचा सैतान मानतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, साधू पुन्हा पुन्हा खोलीच्या बाहेर डोकावतो, ही जागा नको, हे काम नको, दुसरीकडे गेलो तर बरे होईल असे वाटू लागते. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन. पण दुपारच्या तिसऱ्या तासाला चौथीच्या वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला, किंवा उन्हात एकटीने खुरपणाऱ्या बाईला ते नवे वाटणार नाही. त्याने सांगितलेला उपाय साधा आहे. जागा सोडू नये, हातातले काम पुरे करावे. उरलेला सगळा दिवस नव्हे, तर हे एकच वाफे, हे एकच पान.

तिसरी, रात्री रोजमेळ लिहावा. वाण्याच्या दुकानात दिवसाची जमा आणि नावे लिहिल्याखेरीज दिवा मालवीत नाहीत. सोळाव्या शतकात इग्नाती लोयोला या संताने आपल्या अनुयायांना असाच मनाचा जमाखर्च रोज तपासायला लावला. आधी दिवसभरात काय चांगले मिळाले त्याबद्दल आभार मानायचे, मग कुठे घसरलो ते पाहायचे, माफी मागायची, आणि उद्याचे एक काम ठरवायचे. पाच-दहा मिनिटे पुरतात. आधी आभार मानायचे, हे विसरू नये. नुसत्याच चुका मोजणारा माणूस हळूहळू चिडखोर होतो.

चौथी गोष्ट जरा अवघड आहे. नुसता पश्चात्ताप पुरत नाही. घेतलेले परत करावे लागते. जक्कय नावाचा जकातदार येशू घरी आल्यावर बदलला. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे ठरविले, आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट द्यायचे कबूल केले. आपल्याकडे शेजारच्या शेताचा बांध दर वर्षी वीतभर कोरण्याची रीत पुष्कळांना ठाऊक आहे. नांगराचा एक फेरा, आवाज नाही, साक्षीदार नाही. दहा वर्षांनी शेजाऱ्याचे एक तास गेलेले असते आणि दोन घरांचे बोलणे बंद झालेले असते. डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तेव्हा रविवारी उपासनेला जाण्याआधी, किंवा सोमवारी देवळात जाण्याआधी, ती वाट बांधावरून जाते हे विसरू नये. शनिवारी शेजाऱ्याला हाक मारावी, खुंटी रोवावी, आणि वीतभर जमीन परत करावी. त्या दिवशीची प्रार्थना थोडकी झाली तरी चालेल.

शेवटी पुन्हा त्या प्रार्थनेकडे येतो. तिच्यात 'मला' हा शब्द नाही. भाकर मागायची ती आम्हाला, माफी मागायची ती आम्हाला, आणि मोहापासून वाचवायचे तेही आम्हाला. आपण चूक करतो ती यात. मोहाशी झुंज ही आपली खासगी गोष्ट आहे असे समजून एकटेच लढतो, आणि एकटेच हरतो. खरे तर दोघांनी मिळून बरेच मोह सहज टळतात.

आपल्या गुरुजींचेच पाहा. आकडा लिहिताना त्यांनी सोबतच्या बाईंना हाक मारावी. स्वयंपाकीण मावशींना बोलवावे. तिघांनी मिळून मुले मोजावीत, तांदूळ मोजावा, आणि ३१ लिहावे. गाडी उशिरा येते ही अडचण खरी आहे. ती तर केंद्रप्रमुखांना लेखी कळवावी, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडावी. म्हणजे चांगल्या कारणाला चांगली वाट मिळते, आणि मोहाच्या अंगावर घालायला कपडे उरत नाहीत.

आणि ज्यांनी काल ४२ लिहिले असेल, त्यांनाही एक शब्द. आजची भाकर जशी आज मागायची, तशी आजची माफी आज मागता येते. कोठीतला तो तांदूळ उद्या सकाळी मोजा, नोंदवहीत खरी शिल्लक लिहा, आणि वरच्यांना सांगा. बोलणी बसतील, कदाचित जाबही द्यावा लागेल. पण ते सगळे आज जितके सोपे आहे, तितके पुढच्या महिन्यात असणार नाही.